जपानी लष्कराचे कापडी बिल्ले: आधी मागची बाजू बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: आजोबा मराठा पलटणीत होते. त्यांच्या ट्रंकेत कापडाचे चार तुकडे सापडले. एकावर घोड्याचा नाल, दुसरी तीन चांदण्यांची लाल पट्टी, तिसरी हिरवी नागमोडी पट्टी आणि चौथा गोल, नांगराचं चित्र असलेला. हे दुसऱ्या महायुद्धातल्या जपानी सैन्यातल्या कारागिरांचे बिल्ले आहेत का, खरे आहेत का, आणि असे आणखी जमवायचे तर काय बघून घ्यावेत?

चारांपैकी कारागिराचा बिल्ला एकच, नालाचा. लाल पट्टी हुद्द्याची आहे, हिरवी नागमोडी पट्टी विभागाची आणि गोल तुकडा तर भूदलाचाही नाही. विकणारे हे सगळं 'जपानी आर्मी ट्रेड बॅज' या एकाच नावाखाली खपवतात, म्हणून सुरुवात या वर्गवारीपासूनच करावी लागते.

गोल तुकडा आधी बाजूला ठेवू. नांगर दिसला की नौदल, हा ढोबळ नियम बहुतेक वेळा पुरतो. भूदलाची खूण पाच कोनांची चांदणी. जपानी नौदलातल्या खलाशांचे दंडावरचे हुद्द्याचे बिल्ले १९४२ पर्यंत गोल होते आणि त्याच वर्षी ते ढालीच्या आकाराचे झाले. म्हणजे तुमचा गोल तुकडा खरा असेल, तर तो १९४२ च्या आधीच्या पद्धतीचा. तो ठेवा, पण भूदलाच्या संग्रहात मिसळू नका.

लाल पट्टी कॉलरवरची. १९३८ साली जपानी भूदलाने गणवेश बदलला. जपानी राजवंशाच्या कालगणनेत ते वर्ष २५९८, त्यातले शेवटचे दोन आकडे घेऊन या गणवेशाला 'प्रकार ९८' म्हणतात. १९४३ चा गणवेश २६०३ वरून 'प्रकार ३'. प्रकार ९८ मध्ये हुद्दा खांद्यावरून कॉलरवर आला. ही पट्टी साधारण चार सेंटीमीटर लांब आणि दोनेक सेंटीमीटर रुंद असते. लाल कापडावर एक चांदणी म्हणजे नितोहेई, दोन म्हणजे इत्तोहेई, तीन म्हणजे जोतोहेई. हे तिन्ही साधे शिपाईच. तुमची पट्टी जोतोहेईची. चांदणी नाही, नुसता पिवळा पट्टा असेल तर हेइचो. हा हुद्दा १९४० मध्ये निघाला, त्यामुळे त्या आधीची म्हणून कोणी हेइचोची पट्टी दाखवली तर तिथेच थांबावं. मधोमध सोनेरी पट्टा आणि वर एक, दोन किंवा तीन चांदण्या म्हणजे अनुक्रमे गोचो, गुन्सो, सोचो, म्हणजे आपल्याकडचे नाईक-हवालदार या पातळीचे लोक. त्यापुढे काठाला सोनेरी किनार येते. कनिष्ठ अधिकाऱ्यांना मध्ये एक सोनेरी रेघ, मेजर ते कर्नल यांना दोन, आणि जनरलची अख्खी पट्टीच सोनेरी.

हिरवी नागमोडी पट्टी उजव्या छातीवर, खिशाच्या वर शिवायची. इंग्रजी 'एम' धरून आडवा ताणावा तसा तिचा आकार. तिचा रंग शाखा सांगतो: पायदळ लाल, घोडदळ पोपटीकडे झुकणारा हिरवा, तोफखाना पिवळा, इंजिनियर गडद तपकिरी, वाहतूक निळीच्या रंगासारखा, हवाई दल फिकट निळा, लष्करी पोलीस काळा, वैद्यकीय विभाग गडद हिरवा, पशुवैद्यकीय जांभळा, न्याय विभाग पांढरा. तुमचा हिरवा गडद असेल तर माणूस वैद्यकीय विभागातला. पोपटीकडे झुकत असेल तर घोडदळातला. पण हिरवा रंग विटतो आणि विटलेला गडद हिरवा घोडदळाचा वाटू शकतो. त्यामुळे रंग समोरून ठरवू नका. कड उलगडून शिवणीच्या आत दुमडलेला भाग बघा, तिथे ऊन पोहोचलेलं नसतं.

तारखेच्या दृष्टीने ही पट्टी फार कामाची आहे. १९४० मध्ये लढाऊ शाखांमधला औपचारिक भेद काढून टाकला गेला आणि नागमोडी पट्टी मुख्यतः वैद्यकीय, हिशेब व पुरवठा, पशुवैद्यकीय अशा विभागांपुरती राहिली. पायदळाची लाल नागमोडी पट्टी जेमतेम दोन वर्षं नियमात होती. १९४३ च्या गणवेशावर ती टाचलेली दिसली तर कोणीतरी 'छान दिसतं' म्हणून नंतर बसवली आहे. बाजारात असे 'सजवलेले' कोट इतके आहेत, की कोटावरच्या बिल्ल्याला सुट्या बिल्ल्यापेक्षा जास्त किंमत देण्याआधी दहादा विचार करावा.

आता नाल. जपानी पलटणींमध्ये बंदूक चालवण्याखेरीज एखादं कसब असलेले शिपाई असत: नालबंद, लोहार, बंदुका दुरुस्त करणारे, शिंपी, मोची, खोगीर शिवणारे, सुतार, बिगुलवाले. त्यांची खूण दंडावर कापडी बिल्ल्याच्या रूपात शिवलेली असे. नालबंदाला नाल, बिगुलवाल्याला बिगुल. नालबंद म्हणजे जपानीत तेइतेत्सुको, बंदुकांचा कारागीर जुको, शिंपी होको, सुतार मोक्को, लोहार तांको. शेवटचा 'को' सगळीकडे तोच आणि तो ओळखायला जपानी यायची गरज नाही: वर एक आडवी रेघ, खाली जरा लांब आडवी रेघ आणि मध्ये एक खांब. बिल्ल्यामागे, नावाच्या पट्टीवर किंवा सोबतच्या कागदावर शब्दाच्या शेवटी हे अक्षर दिसलं तर कारागीर असण्याची शक्यता मोठी. मात्र तेच अक्षर शब्दाच्या सुरुवातीला असेल आणि पुढे 'शिपाई' या अर्थाचं अक्षर असेल, तर तो 'कोहेई', म्हणजे इंजिनियर. विक्रेते या दोघांत रोज गोंधळ घालतात.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरून नालबंदाचा बिल्ला येणं अजिबात विचित्र नाही. १९४४ मध्ये इंफाळ-कोहिमाकडे निघालेल्या जपानी १५ व्या आर्मीचं सामान मोठ्या प्रमाणावर घोडे आणि बैलांच्या पाठीवर होतं. आपल्याकडच्या घरांत हे तुकडे येण्याच्या वाटा मुख्यतः दोन. एक म्हणजे ही आघाडी: मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधल्या सांगशाकच्या लढाईत ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी बटालियन होती. दुसरी वाट लोक विसरतात. युद्धानंतर १९४६-४७ मध्ये जपानवर ताबा ठेवणाऱ्या राष्ट्रकुल फौजेत ब्रिटिश-भारतीय तुकड्या होत्या आणि त्यांत याच रेजिमेंटची पहिली बटालियन होती. आजोबा नेमके कोणत्या बटालियनमध्ये होते हे त्यांच्या डिस्चार्ज बुकात मिळेल, आणि पुढची अर्धी ओळख त्यावर ठरेल. रणांगणावरून आलेला तुकडा बहुधा शिवलेला, उसवलेला, मळलेला असतो. ताब्याच्या काळात आलेला तुकडा गोदामातला, कधीच न शिवलेला असू शकतो. म्हणून 'वापराच्या खुणा नाहीत म्हणजे नकली' हा नियम सरसकट लावता येत नाही, कोणी कितीही ठणकावून सांगितला तरी.

तुकडा हातात आला की चित्राची बाजू खाली करून ठेवा. नक्कल करणाऱ्याचं सगळं लक्ष पुढच्या बाजूवर असतं. दहापट भिंग आणि तिरपा उजेड एवढं सामान पुरे.

पहिल्यांदा टाक्यांची भोकं शोधा. शिवून उसवलेल्या बिल्ल्याच्या कडेला सुईची भोकं राहतात आणि हाताने घातलेल्या टाक्यांचं अंतर थोडं मागेपुढे असतं. हुद्दा बदलला की पट्टी बदलायची, त्यामुळे कॉलरच्या पट्ट्यांना दोन-दोन वेळच्या भोकांच्या रांगा असू शकतात. भोकं मोजून-मापून सारख्या अंतरावर, कडा मात्र करकरीत आणि मागे दोऱ्याचा एक धागाही अडकलेला नाही, असं दिसलं तर संशय घ्या. मग विटणं बघा. खरं विटणं एका बाजूने येतं: कॉलरच्या पट्टीचा मानेकडचा भाग घामाने काळवंडतो, वरची कड उन्हाने फिकट होते, चांदणीखालचं कापड मूळ रंगाचं राहतं. चहात बुडवून जुना केलेला तुकडा पुढे, मागे, शिवणीच्या आत, सगळीकडे एकाच तपकिरी रंगाचा होतो. आणि दोराही त्याच रंगाचा होतो, हे तर त्याचं हमखास चुकणारं ठिकाण.

चांदणी पितळेची असेल तर तिचे दोन पाय मागे दुमडलेले असतात. ऐंशी वर्षांत पितळ घामाशी आणि लोकरीशी थोडं का होईना भांडलेलंच असतं; पायांच्या मुळाशी, कापडाच्या आत हिरवट डाग किंवा मेणासारखी पुटं दिसतात. ती पुसू नका, तोच पुरावा आहे. साच्यात ओतून केलेल्या नकली चांदण्यांच्या पृष्ठभागावर भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात आणि कोन बोथट असतात. ठशाने दाबून काढलेल्या असली चांदणीचे कोन धारदार असतात, मागची बाजू पुढच्याची उलटी छाप असते.

सगळी असली पितळेची असतात असंही नाही. जपानने १९४१ मध्ये धातू गोळा करण्याचा वटहुकूम काढला, तांबं-पितळ शस्त्रांकडे गेलं आणि शेवटच्या वर्षांत ॲल्युमिनियम, रंगवलेलं लोखंड, सेल्युलॉइड असं मिळेल ते वापरलं गेलं. कापडाचंही तेच. लोकर आयातीची, म्हणून १९३० च्या दशकाच्या शेवटापासून तिच्यात 'सुफु' मिसळायला लागले. सुफु म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला रेयॉनचा आखूड तंतू. त्यामुळे पातळ, खरखरीत, भरड कापडाचा बिल्ला खरा असू शकतो, आणि नेमका याचाच फायदा विक्रेते घेतात: घाणेरडं काम दिसलं की त्याला 'लास्ट-डिच' म्हणतात, म्हणजे शेवटच्या दिवसांतलं. फरक असा धरा की युद्धाच्या शेवटी माल हलका झाला, पण शिवणाऱ्या हाताची सवय गेली नाही. कड सरळ कापलेली, चित्र मधोमध बसवलेलं, टाके भरड पण नेटके, असंच काम दिसतं. वाकडातिकडा नाल आणि मागे गोंदाचे ओघळ हे १९४५ चं लक्षण नाही.

तंतू ओळखायचा असेल तर मागच्या बाजूचा आधीच सुटलेला एकच धागा चिमट्याने घ्या आणि ज्योतीला लावा. जळक्या केसांचा वास येऊन चुरगळणारी काळी राख राहिली तर लोकर किंवा रेशीम. कागदासारखा भुरकन जळाला तर सुती किंवा रेयॉन. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन. जपानमध्ये पॉलिएस्टर 'तेतोरोन' नावाने १९५८ मध्ये बाजारात आलं, म्हणजे पॉलिएस्टरच्या कापडाचा बिल्ला युद्धातला असूच शकत नाही. दोराच तेवढा पॉलिएस्टरचा असेल तर मात्र नंतर कोणी पुन्हा शिवला असेल, अशी वाट शिल्लक राहते.

अतिनील टॉर्च सगळेच सुचवतात, पण तो वापरताना चुका फार होतात. टॉर्च ३६५ नॅनोमीटरचा घ्या. ३९५ चा स्वस्त टॉर्च स्वतःच इतका जांभळा उजेड टाकतो की काही कळत नाही. कापडाला पांढरेपणा आणणारी चकाकीची रसायनं युद्धानंतर सर्रास झाली, त्यामुळे ज्या दोऱ्याला निळसर-पांढरी झळाळी येते तो बहुधा नंतरचा. पण ट्रंकेतला तुकडा कोणी साठच्या दशकात साबणाच्या पावडरीत धुतला असेल तरी तो चमकेल. झळाळी सगळ्या तुकड्यावर सारखी असेल तर धुण्याचा संशय घ्या. एकाच थरात किंवा एकाच दोऱ्यात असेल तर तो थर वा दोरा नवा समजा. एवढ्या एका कसोटीवर निकाल देऊ नका.

अधिकाऱ्यांच्या सोनेरी पट्ट्यांत आणखी एक खाच आहे. अधिकारी गणवेश स्वतःच्या पैशाने शिवून घेत, त्यामुळे त्यांच्या पट्ट्या दुकानागणिक वेगळ्या असतात. भिंगाखाली खऱ्या जरीत दोऱ्याभोवती गुंडाळलेली पट्टी दिसते, ती काळवंडलेली असते. हल्लीचा चमकी धागा सपाट प्लॅस्टिकची पट्टी असतो आणि काळा पडत नाही. गुंडाळलेली पट्टी कागदाची निघाली तर घाबरू नका. वर्ख लावलेल्या कागदाची पट्टी रेशमावर गुंडाळून जरीचा धागा करणं ही जपानमधली जुनी रीत आहे.

शिक्का. शिपायांचा माल सरकारी वस्त्र-आगारांतून यायचा. मुख्य आगार तोक्योत, शाखा ओसाका आणि हिरोशिमात (हिरोशिमाच्या आगाराच्या विटांच्या इमारती अणुबॉम्बमधूनही उभ्या राहिल्या आणि आजही आहेत). कोट-विजारींच्या अस्तरावर आगाराचं नाव, तपासणीचा छाप आणि वर्ष असतं. लहान बिल्ल्यांवर शिक्का नसतो तेव्हा ते काही वावगं नाही. असेल तेव्हा तो मागच्या अस्तरावर. वर्ष वाचायला सोपं आहे. पहिलं अक्षर 'शो', शोवा कालखंडाचं, म्हणजे सम्राट हिरोहितोच्या कारकिर्दीचं: डावीकडे मध्ये रेघ असलेला उभा चौकोन, उजवीकडे खाली छोटा रिकामा चौकोन. त्यानंतर आकडा. एक, दोन, तीन म्हणजे तितक्या आडव्या रेघा. दहा म्हणजे अधिकचं चिन्ह. सात म्हणजे तेच चिन्ह पण आडवी रेघ तिरकी आणि पाय उजवीकडे वळलेला. आठ म्हणजे दोन फाकलेल्या रेघा. मिळालेल्या आकड्यात १९२५ मिळवा. 'शो, दहा, सात' म्हणजे शोवा १७, म्हणजे १९४२. कधी दहाऐवजी नुसती एकची रेघ आणि खाली सात असतं, अर्थ तोच. हात पसरून उभ्या माणसासारखं अक्षर ओसाका शाखेच्या छापात येतं.

मजकूर वरून खाली वाचा. आडवा असेल तर त्या काळी तो उजवीकडून डावीकडे लिहीत. डावीकडून लिहिलेला आडवा छाप बघितला की जरा सावध व्हा. चीनच्या मुख्य भूमीवर १९५६ पासून आलेली सोपी केलेली अक्षरं जपानी शिक्क्यात दिसली तर पुढे बघायचं कारणच नाही.

आणखी जमवायचे असतील तर सुरुवात साध्या शिपायांच्या कॉलरच्या पट्ट्या आणि वैद्यकीय नागमोडी पट्टीपासून करा. त्या मुबलक बनल्या, स्वस्त मिळतात आणि डोळा तयार होतो. लष्करी पोलिसांचा, म्हणजे केंपेईचा, लाल अक्षरांचा पांढरा दंडपट्टा, डिसेंबर १९४४ मध्ये सुरू झालेलं शौर्याचं बुकोशो पदक आणि लष्करी महाविद्यालयाच्या पदवीधरांचा बिल्ला, या तिन्हींपासून पहिली काही वर्षं लांब राहा. शेवटच्याला जुन्या तेंपो नाण्याशी साम्य असल्यामुळे 'तेंपोसेन' असं टोपणनाव पडलं होतं आणि तो लावणं १९३६ मध्येच बंद झालं. मागणी जास्त, माल कमी, त्यामुळे नक्कल याच वस्तूंची जास्त होते. आणि 'लष्करी' म्हणून रेडक्रॉस सोसायटीची सभासद पदकं, १९१० च्या माजी सैनिक संघटनेचे बिल्ले आणि देशभक्त महिला संघाचे बिल्ले हमखास विकले जातात. त्या खऱ्या वस्तू आहेत, फक्त सैनिकाच्या अंगावरच्या गणवेशाचा भाग नाहीत.

विक्रेत्याकडून पाच फोटो मागा: पुढची बाजू, मागची बाजू, एका कडेचा अगदी जवळून, तिरप्या उजेडात एक आणि शेजारी मोजपट्टी ठेवून एक. मागच्या बाजूचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर सोडून द्या. मूळ १९३८ आणि १९४३ च्या गणवेशाच्या नियमांचे कागद जपानच्या आशियाई ऐतिहासिक दस्तऐवज केंद्राने फुकट ऑनलाइन ठेवले आहेत. त्यातली चित्रं शेजारी उघडी ठेवूनच खरेदी करा. कायद्याचं विचाराल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पुरावस्तू ठरायला साधारणपणे १०० वर्षं व्हावी लागतात, हे तुकडे त्यात अजून बसत नाहीत. मणिपूर-नागालँडच्या रणभूमीवर स्वतः उकरायला मात्र जाऊ नका. तिथे न फुटलेले तोफगोळे अजून सापडतात.

जपण्याबद्दल. घर कोकणात किंवा मुंबईत असेल तर मुख्य शत्रू दमटपणा आणि कसर. आधी धुऊ नका, इस्त्री करू नका. लाल रंग पाण्यात सुटतो आणि रेयॉन ओलं झालं की त्याची ताकद जाते. मऊ ब्रशने धूळ झटका. कसरीसाठी तुकडा पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक पूर्ण दिवस उघडू नका, नाहीतर थंड कापडावर पाणी धरेल. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ प्लॅस्टिक मऊ करते आणि कापडावर पुन्हा स्फटिक धरते. सेल्युलॉइडची चांदणी किंवा बटण असेल (घासल्यावर कापरासारखा वास येतो) तर ते वेगळ्या डबीत ठेवा, कारण जुनं सेल्युलॉइड आम्लाची वाफ सोडतं आणि शेजारचं पितळ खातं. पितळ पॉलिश करू नका.

ठेवायला पीव्हीसीचे मऊ, वासाचे अल्बम वापरू नका. पॉलिप्रॉपिलीनचे खिसे किंवा आम्लरहित कागदाची घडी चालेल. लोकर आणि रेशमाला क्षार न मिसळलेला कागद घ्या. डब्यात सिलिका जेल आणि एक छोटं आर्द्रतामापक ठेवा. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत असावा. ६५ च्या वर गेला की बुरशीची तयारी सुरू. पावसाळ्यात जेल महिन्यातून एकदा तरी तापवून कोरडं करावं लागेल.

चारही तुकडे ज्या क्रमाने, ज्या कागदात किंवा रुमालात सापडले तसेच आज फोटो काढून ठेवा आणि रुमालही टाकू नका. कोणत्याही तुकड्यामागे शाईने नाव लिहिलेलं असेल तर ते पुसट होण्याआधी तिरप्या उजेडात आणि अतिनील उजेडात वेगवेगळे फोटो घ्या. नाव आणि तुकडीचा आकडा दोन्ही वाचता आले, तर त्या माणसाचं घराणं जपानमध्ये शोधता येण्याची शक्यता खरीच असते, आणि विकायचं की परत पाठवायचं हे ठरवायला तुमच्याकडे वेळ आहे.